अर्ध्या ब्लेडची दाढी

दुधारी ब्लेड म्हणजे ०.१ मिलिमीटर जाडीची, दोन्ही लांब कडांना धार असलेली पोलादी पट्टी. ती येण्याआधी दाढी ही सहसा स्वतः करायची गोष्टच नव्हती. गोंदिया जिल्ह्याच्या झाडीपट्टीतल्या गावांत ते काम न्हाव्याचे, बोलीतल्या म्हालीचे. धोकटीत वस्तरा, कैची, वाटी, तुरटी आणि चामड्याचा पट्टा घेऊन तो घरोघर जाई. रोख पैसे नसत. धान चुरून झाले की बलुत्याचा वाटा मिळे. दाढी रोज करण्याची पद्धत नव्हती. वस्तरा एक, गिऱ्हाइके अनेक. सहाणेवर घासून, पट्ट्यावर परजून तो वर्षानुवर्षे चाले.

बोथट झाले की फेकायचे पाते ही अमेरिकेतल्या किंग कॅम्प जिलेट यांची कल्पना. एवढ्या पातळ पोलादाला धार धरवण्याचे खरे अवघड काम मात्र विल्यम निकरसन या अभियंत्याने साधले. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले आणि स्वतःच्या हाताने दाढी करण्याची सवय त्यांच्याबरोबर घरोघर पोचली.

भारतात ब्लेड घराघरांत नेले ते मल्होत्रा कुटुंबाच्या कारखान्यांनी. कोलकात्याच्या शाखेचे टोपाझ आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या विद्युत मेटॅलिक्सचे सुपरमॅक्स ही त्यांतली ठळक नावे. जुने कार्बन पोलादाचे ब्लेड ओले राहिले की गंजे, म्हणून ते पुसून ठेवावे लागे. काटकसरी माणूस ते काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूवर घासून आणखी चार दाढ्या उरकी. १९६०च्या दशकात विल्किन्सन स्वोर्डच्या स्टेनलेस ब्लेडने हा उद्योग बराच कमी केला. दाढीतून निवृत्त झालेले ब्लेड तरीही वाया जात नसे. पेन्सिलीला टोक काढायला आणि शिवण उसवायला ते चाले.

पुढे १९७१ साली दोन पात्यांचे कार्ट्रिज आले, मग पात्यांची संख्या वाढत गेली आणि किंमतही. २०१० साली भारतासाठी बनवलेला १५ रुपयांचा जिलेट गार्ड मात्र पुन्हा एकाच पात्यावर आला.

दुधारी ब्लेडने न्हाव्याची दाढी हिरावली, असे वाटू शकते. झाले वेगळेच. एचआयव्ही आणि काविळीच्या संसर्गाबद्दल जागृती झाली, तसा जुना वस्तरा मागे पडला आणि पाते बदलता येणारा वस्तरा आला. त्याला लागते अर्धे ब्लेड. गोंदिया, आमगाव, तिरोडा यांसारख्या गावांतल्या सलूनमध्ये कारागीर ब्लेड कागदासकट लांबीत दुमडतो. कट्कन आवाज होऊन त्याचे सरळ दोन भाग होतात. एक वस्तऱ्यात बसतो, दुसरा कागदातच राहतो, पुढच्या गिऱ्हाइकासाठी.