मेंदूच्या पेशींना मिळणारा वाढीचा निरोप

पनवेल तालुक्यात, खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आहे. लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठींवर तिथे मोलाचं काम झालं आहे. त्याचं मर्म एका प्रश्नात आहे: पेशीला वाढायला सांगणारा निरोप थांबतो कधी?

निरोप जनुकापर्यंत कसा पोचतो?

वृद्धी घटक, म्हणजेच ग्रोथ फॅक्टर, ही पेशींतून बाहेर स्रवणारी प्रथिनं. त्यांतलं ‘बीडीएनएफ’ मज्जापेशीच्या आवरणावरच्या ‘ट्रक-बी’ या ग्राहीला चिकटतं. मग आतली प्रथिनं एकामागून एक जागी होतात आणि शेवटी केंद्रकातल्या ‘क्रेब’ प्रथिनाला फॉस्फेट जोडला जातो. काही मिनिटांतच ‘फॉस’, ‘आर्क’ ही जनुकं चालू होतात. ‘आर्क’चा आरएनए पेशीच्या फांद्यांपर्यंत जातो, दीर्घकाळ स्मरणात राहण्यासाठी हे जनुक लागतं.

किती वेळ, यावर सगळं

प्रयोगशाळेतल्या ‘पीसी१२’ पेशींना ‘ईजीएफ’ हा वृद्धी घटक दिला, तर ही साखळी थोडा वेळ चालते आणि पेशी विभागतात. ‘एनजीएफ’ दिला, तर तीच साखळी तासन्‌तास चालते. विभाजन थांबून पेशींना मज्जातंतूंसारखे धागे फुटतात. हे दोन घटक शोधणाऱ्या रीटा लेवी-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं.

थांबलाच नाही तर?

लहान मेंदू घडताना पुर्किंजे पेशी ‘सॉनिक हेजहॉग’ हे प्रथिन सोडतात आणि शेजारच्या अपक्व पेशी भराभर विभागतात. एरवी ‘पॅच्ड-१’ हे प्रथिन त्यांना रोखून धरतं. त्याचं जनुक बिघडलं, की निरोप न येताही विभाजनाची जनुकं चालूच राहतात. मेड्युलोब्लास्टोमा या कर्करोगाचा एक गट असा उद्भवतो.

खारघरची चाचणी

या कर्करोगाचे चार मुख्य गट आहेत: डब्ल्यूएनटी, एसएचएच (म्हणजे वरचा सॉनिक हेजहॉगचा), गट ३ आणि गट ४. नुसत्या सूक्ष्मदर्शकाने ते खात्रीने ओळखता येत नाहीत. ॲक्ट्रेकमधल्या नीलम शिरसाट यांच्या चमूने २०१३ मध्ये १२ जनुकांचे आरएनए आणि ९ मायक्रोआरएनए मोजून गट ठरवणारी चाचणी मांडली. गाठीचा तुकडा फॉर्मेलिन आणि मेणात जपला जातो, तेव्हा त्यातल्या लांब आरएनएचे तुकडे पडतात. मायक्रोआरएनए मात्र साधारण २२ अक्षरांचेच असल्यामुळे टिकून राहतात. म्हणून साध्या रुग्णालयातून आलेला जुना नमुनाही वाचता येतो.

पालकांनी काय करावं?

डब्ल्यूएनटी गटातली ९० टक्क्यांहून अधिक मुलं उपचारांनंतर पाच वर्षांपलीकडे जगतात. गट ३ मध्ये धोका बराच जास्त असतो. म्हणून गट कळणं महत्त्वाचं. मुलाला वारंवार सकाळी डोकेदुखी, उलट्या होत असतील, चालताना तोल जात असेल, तर पित्त समजून दिवस काढू नका. डॉक्टरांना लगेच दाखवा. मेड्युलोब्लास्टोमाचं निदान झालंच, तर गाठीचा गट तपासला का, हे आवर्जून विचारा.