करवंदाची सामायिक बाग

वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर व्याख्येनुसार स्ट्रॉबेरी हे ‘बेरी’ वर्गातील फळ नव्हे. आपले काळेभोर करवंद मात्र निःसंशय त्या वर्गातले. देठ मोडताच पांढरा चीक गाळणारे हे काटेरी झुडूप मुरमाड, कोरडवाहू जमिनीत तग धरते, आणि त्याच्या कच्च्या फळातील विपुल पेक्टिनमुळे जेली उत्तम जमते. म्हणूनच पूर्णेवरील सिद्धेश्वर व पैनगंगेवरील इसापूर या धरणांच्या हिंगोली परिसरात, ज्या कुटुंबांच्या जमिनी संपादित होऊन जलाशयाखाली गेल्या, त्यांच्या पुनर्वसित गावठाणांनी करवंदाची बाग सामायिक मालकीने लावली, तर ऐन उन्हाळ्यात, शेतीची कामे थंडावलेली असताना, तोडणी, प्रतवारी व लोणचे यांतून गावातच रोजगार निर्माण होईल. वनहक्क कायदा, २००६ ने वनवासीयांची गौण वनोपजावरील मालकी मान्य केली. विस्थापितांच्या बागेसही तेच न्याय्य तत्त्व लाभावे.