नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढत जाणारी आणि त्याच क्रमाने उतरणारी ही सतरा अंकी संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग.

गुणाकार उभा मांडून पाहावा. नऊ ओळी, प्रत्येकीत तेच नऊ एक, आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, मधल्या घरात नऊ, मग पुन्हा आठ, सात... कुठेच हातचा येत नाही, म्हणून क्रम टिकतो. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा जमतात, हातचा डावीकडे जातो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ नाहीसा!

अशा संख्या डहाणूला १९०५ साली जन्मलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांच्या 'डेम्लो' परिवारातल्या. डेम्लो म्हणजे मुंबईपासून तीस मैलांवरचे रेल्वे स्टेशन, आजचे डोंबिवली. कल्पना त्यांना तिथे सुचली. फर्ग्युसनमध्ये शिकताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालेला हा माणूस १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होता. विद्यापीठातली खुर्ची त्यांना कधी मिळाली नाही, आणि तरीही १९७५ साली मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले.

कापरेकरांची दुसरी आवड 'हर्षद' संख्यांची: अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या. आपल्या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भागून पाहा: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. कारण १११११११११ म्हणजे ९ × ३७ × ३३३६६७. वर्गात ९ दोनदा येतो, तोच हा ८१. शिवाय संख्येचे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ असे दोन तुकडे करून मिळवले, तर ओळीने नऊ नऊ येतात. एका संख्येत इतकी दौलत, आणि ती मोजायला चौथीपाचवीचे गणित पुरते.

म्हणूनच मला वाटते, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जिल्हा परिषद शाळांत आणि आश्रमशाळांत कापरेकर शिकवायला हवेत. प्रयोगशाळा लागत नाही, नेटवर्कही लागत नाही. पाटी आणि खडू बस्स. सुरुवात आपल्याच आकड्याने करता येईल. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९८२ चे अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा: ९८२१ − १२८९ = ८५३२. पुन्हा तेच: ८५३२ − २३५८ = ६१७४. हाच कापरेकर स्थिरांक, त्यांनी १९४९ साली दाखवलेला. चारही अंक सारखे नसतील, तर कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते. वर्गातल्या प्रत्येक मुलाने आपले जन्मवर्ष घ्यावे, आणि कोणाला किती पायऱ्या लागल्या ते फळ्यावर लिहून काढावे.