तारण कशाने : विश्वासाने की नियमशास्त्राच्या पालनाने?

लेखमाला : ख्रिस्ती धर्माची मूलतत्त्वे (लेखांक ५)

ख्रिस्ती धर्मविचारात तारण म्हणजे पापाच्या दोषातून आणि पापाच्या सत्तेतून माणसाची सुटका होणे आणि देवाशी तुटलेले त्याचे नाते पुन्हा जुळणे. हे तारण मिळते कसे, या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात. देवाने घालून दिलेले नियम पाळून माणसाने ते मिळवायचे, हे एक. येशू ख्रिस्ताने वधस्तंभावर माणसासाठी जे केले त्यावर विश्वास ठेवून ते दान म्हणून स्वीकारायचे, हे दुसरे. नव्या कराराने, विशेषतः प्रेषित पौलाच्या पत्रांनी, दुसरे उत्तर दिले. मात्र त्या उत्तराने नियम आणि सत्कर्मे मोडीत काढली नाहीत. त्यांची जागा बदलली. ती जागा नीट कळली नाही, तर एकीकडे ख्रिस्ती धर्म म्हणजे नियमांची नवी यादी वाटू लागते आणि दुसरीकडे बेजबाबदार वागण्याचा परवाना वाटू लागतो. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

नियमशास्त्र म्हणजे काय

बायबलमधील नियमशास्त्र म्हणजे मोशेच्या द्वारे इस्राएल लोकांना मिळालेले देवाचे नियम. त्यांच्या मुळाशी सीनाय पर्वतावरील दहा आज्ञा आहेत. यहुदी परंपरेने सर्व आज्ञांची संख्या ६१३ मानली आहे. पुढच्या ख्रिस्ती विचारवंतांनी त्यांचे तीन भाग पाडले: खून, चोरी, व्यभिचार, खोटी साक्ष यांना मनाई करणारे नैतिक नियम, यज्ञ, सण, शुद्धाशुद्ध, खाणेपिणे यांचे विधिनियम, आणि प्राचीन इस्राएलच्या न्यायव्यवस्थेचे नियम. आठव्या दिवशी मुलाची सुंता आणि शनिवारचा शब्बाथ या त्या लोकांच्या ठळक खुणा होत.

असे जीवन महाराष्ट्राला परके नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाने शतकानुशतके सुंता, शब्बाथ आणि आहाराचे नियम सांभाळले. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मुंबईत १७९६ साली त्यांचे पहिले सभास्थान उभे राहिले. मोठ्या यहुदी केंद्रांपासून दूर, शेजारीपाजारी दुसरे कोणी यहुदी नसताना त्यांनी हे नियम टिकवले. नियमशास्त्र म्हणजे निव्वळ ओझे, असे समजणाऱ्याने हा इतिहास ध्यानात घ्यावा. पाळणाऱ्याला नियम ही देवाशी असलेल्या कराराची खूण वाटते. पौलानेही नियमशास्त्राला वाईट म्हटले नाही. ते पवित्र आणि चांगले आहे, असेच त्याचे मत होते. त्याचा प्रश्न वेगळा होता: नियमशास्त्र माणसाला तारू शकते काय?

पहिल्या मंडळीतील वाद

येशूचे पहिले अनुयायी यहुदी होते. पुढे यहुदी नसलेले लोक विश्वास ठेवू लागले तेव्हा प्रश्न उभा राहिला: त्यांनी आधी सुंता करून मोशेचे नियम पत्करावेत काय? पौलाच्या गलतीकरांस पत्रात या वादाचा एक प्रसंग आहे. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र यहुदीतर विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमहून काही लोक आल्यावर तो त्या पंक्तीतून मागे सरला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. पंक्तिभेद पाहिलेल्या समाजाला या प्रसंगाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. ख्रिस्तावरील विश्वास पुरेसा असेल तर ताटे वेगळी करता येत नाहीत, आणि ताटे वेगळी करायची असतील तर विश्वास पुरेसा नाही असे ठरते. पौलाचा मुद्दा एवढा थेट होता.

इ. स. ४९च्या सुमारास यरुशलेमात प्रेषित व वडील मंडळी जमली. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात या सभेची हकिकत आहे. यहुदीतरांवर सुंतेची सक्ती करायची नाही, असा निर्णय झाला. मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गुदमरवून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि जारकर्म यांपासून दूर राहण्यास तेवढे सांगितले गेले. देवाने कृपेने जवळ केलेल्या माणसाला नियमाच्या उंबऱ्यावर थांबवून ठेवण्याचा अधिकार मंडळीला नाही, हे तेव्हाच ठरले.

पौल आणि याकोब

पौलाचा युक्तिवाद रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सविस्तर आला आहे. नियम पाप दाखवतो, पण पाप काढून टाकत नाही. यहुदी असो वा यहुदीतर, देवाच्या कसोटीला पूर्ण उतरणारा कोणीच नाही. म्हणून माणूस नीतिमान ठरतो तो देवाच्या कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासाच्या द्वारे. पुराव्यासाठी पौल इस्राएल लोकांचा मूळपुरुष अब्राहाम याच्याकडे वळतो. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला, ही गोष्ट उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात आहे. सुंतेची आज्ञा १७व्या अध्यायात येते आणि मोशे तर त्याच्या कितीतरी पिढ्या नंतरचा. अर्थात विश्वास आधी, नियम नंतर. लूकच्या शुभवर्तमानातील वधस्तंभावरचा गुन्हेगार हे आणखी ठळक उदाहरण होय. एकही नियम पाळायला त्याच्याजवळ वेळ उरला नव्हता, तरी येशूने त्याला स्वीकारले.

याकोबाच्या पत्रात मात्र कृतीवाचून असलेला विश्वास निर्जीव ठरवला आहे, आणि तिथेही दाखला अब्राहामाचाच आहे. वरवर हा विरोध वाटतो. दोघांसमोरचे लोक वेगळे होते हे पाहिले की तो विरतो. नियम पाळून देवाला ऋणी करू पाहणाऱ्यांशी पौल बोलतो. तोंडाने विश्वास सांगून भुकेल्या भावाला रिकाम्या हाताने परत पाठवणाऱ्यांशी याकोब बोलतो. पौलही गलतीकरांना प्रेमातून काम करणारा विश्वासच मोलाचा असे सांगतो. दोघांच्या मते विश्वास हा नुसता मताचा होकार नाही. तो स्वतःला देवाच्या हाती सोपवणे आहे.

ऑगस्टीनपासून ऑग्सबुर्गपर्यंत

पाचव्या शतकाच्या प्रारंभी पेलागियस या तपस्व्याने माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पाळू शकतो असे शिकवले. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने त्याला विरोध केला. चांगले करण्याची इच्छासुद्धा कृपेवाचून उपजत नाही, हे ऑगस्टीनचे मत पश्चिमेकडील मंडळीने मान्य केले.

१५१७ साली मार्टिन लूथरने पापाच्या दंडातून सूट देणाऱ्या पत्रांच्या व्यवहारावर आक्षेप घेतला आणि त्यातून मोठी फूट पडली. केवळ विश्वासाने माणूस नीतिमान ठरतो, हे प्रोटेस्टंट पंथांचे ब्रीद झाले. ट्रेंट धर्मपरिषदेने १५४७ साली कॅथलिक भूमिका मांडली. कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही, हे तिनेही ठामपणे सांगितले. पण माणूस त्या कृपेला साथ देतो आणि विश्वासाला आशा व प्रेम यांची जोड लागते, यावर भर दिला. म्हणजे ‘कॅथलिक कर्माने तरतात, प्रोटेस्टंट विश्वासाने’ हे सोपे समीकरण खरे नाही. मतभेद राहिला तो कृपा आतून कसे काम करते याविषयी. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. माणसाचा स्वीकार त्याच्या गुणांमुळे होत नसून ख्रिस्ताच्या कार्यावरील विश्वासात, केवळ कृपेने होतो, यावर दोघांचे एकमत झाले.

मराठी मातीतील साक्ष

मराठीत हा विचार जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. त्याचे पहिले पुराण जुन्या कराराचे आणि दुसरे ख्रिस्तचरित्राचे आहे. आधी नियम आणि प्रतीक्षा, मग तारणारा, असा त्याचा क्रम आहे.

या प्रश्नाचा सर्वांत खोल अनुभव मात्र पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) जीवनात दिसतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर त्यांचे बालपण तीर्थयात्रांत गेले. १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात व्रते, दाने, स्नाने, उपवास सारे यथासांग करूनही आईवडील आणि थोरली बहीण गेली, हे त्यांनी पुढे लिहून ठेवले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथे त्यांनी शाकाहार सोडला नाही. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जुन्या संस्कारांचा अंश दिसे. पण एखादा पदार्थ खाण्याने वा न खाण्याने तारणात फरक पडत नसेल, तर नवा आहारनियम का लादावा? रमाबाईंनी सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य कधी गहाण टाकले नाही. त्यांच्या पत्रव्यवहारात हा संघर्ष वाचायला मिळतो.

१८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. तोवर बाप्तिस्मा झाला होता, उपासना चालू होती, विधवांच्या शिक्षणाचे थोर कार्य उभे राहिले होते. तरीही मनाला स्वस्थता नव्हती. १९०७ सालच्या आपल्या साक्षीत त्यांनी हे प्रांजळपणे नोंदवले: धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम या धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना, आपणही विधी आणि मतांवर विसंबून आहोत, हे त्यांना उमगले. आहे त्या स्थितीत ख्रिस्ताला शरण जाण्यावाचून दुसरी अट नाही, हे त्यांनी तेव्हा स्वीकारले. जुन्या कर्मकांडाच्या जागी नवे ख्रिस्ती कर्मकांड आणून तारण होत नाही, समाजसेवेच्या पुण्याईनेही होत नाही, हे त्यांच्या अनुभवाचे सार आहे.

या जाणिवेने त्यांचे हात थांबले नाहीत. १८९६–९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. केडगावचे त्यांचे मुक्ती सदन त्यातून वाढले. तारण मिळावे म्हणून केलेले हे काम नव्हते. तारण मिळाले या कृतज्ञतेतून ते झाले.

विश्वासाकडे वळण्याचा आणखी एक प्रसंग आहे. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळकांचे मन जडले ते डोंगरावरील प्रवचनावर, म्हणजे येशूने नियमशास्त्राला दिलेल्या अर्थावर. तिथे येशू नियम रद्द करत नाही. खुनाच्या मागचा राग आणि व्यभिचाराच्या मागची वासना यांपर्यंत तो नियम पोचवतो. ती कसोटी प्रामाणिकपणे लावणाऱ्याला स्वतःच्या बळावर भरवसा ठेवता येत नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या भक्तीने आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले असे ते मानत. बाह्य आचारापेक्षा अंतःकरणाची शरणागती मोठी, हे त्यांना वारकरी परंपरेने आधीच शिकवले होते. ख्रिस्ती विचाराचा वेगळेपणा हा की तो कृपेला येशूच्या मरणाशी आणि पुनरुत्थानाशी बांधतो. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात स्वतःच्या सोवळ्याओवळ्याचा प्रवास लिहिला आहे. धर्मांतरामुळे दुरावलेल्या पतीकडे परतल्यावरही त्यांचे सोवळे चालू होते. ते कोणाच्या सक्तीने सुटले नाही. माणसामाणसांतला भेद देवाचा नाही हे मनाला पटले तेव्हा सुटले.

मग नियम कशासाठी

कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावे काय, हा प्रश्न पौलानेच विचारला आणि नाकारला. नवे जीवन मिळालेल्याने जुन्या मरणात परत का जावे, हे त्याचे उत्तर. प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनने नियमाचे तीन उपयोग सांगितले: तो पाप दाखवून ख्रिस्ताकडे पाठवतो, समाजातील दुष्टपणाला आवर घालतो आणि विश्वासणाऱ्याला वाट दाखवतो. जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ साली ‘स्वस्त कृपे’विरुद्ध, म्हणजे आचरणाची जबाबदारी टाळणाऱ्या कृपेच्या कल्पनेविरुद्ध, इशारा दिला, आणि नाझी राजवटीला विरोध करताना १९४५ साली फाशी पत्करली. मत्तयच्या शुभवर्तमानातील न्यायाच्या दाखल्यात भुकेल्याला अन्न दिले काय, असेच विचारले जाते.

आजच्या मंडळ्यांतही भेद आहेत. पुण्यात ज्यांचे स्पायसर विद्यापीठ आहे ते सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती शनिवारचा शब्बाथ पाळतात. पण तारण कृपेनेच होते असे तेही मानतात आणि शब्बाथाला आज्ञापालन समजतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. बालबाप्तिस्मा देणारे आणि प्रौढपणी विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारे, दोघेही त्या एकाच चर्चमध्ये आले. विधी वेगळे असूनही विश्वास एक असू शकतो, याचा हा विदर्भातला दाखला आहे.

तेव्हा ख्रिस्ती शिकवणीचा निर्वाळा असा: तारणाचे मूळ कृपा, ते स्वीकारण्याचे साधन विश्वास आणि त्याचा पुरावा प्रेमाची कृती. नियमशास्त्र या तिन्हींची जागा घेऊ शकत नाही, आणि या तिन्हींपैकी एकही नियमशास्त्राचा अवमान करत नाही.

(पुढील लेखांकात : बाप्तिस्मा – अर्थ, पद्धती आणि मतभेद)