साखळीचा जुना ट्रॅक्टर घेताय?

इंजिनाच्या आवाजाला भुलू नका, आधी खाली वाका. साखळीच्या जुन्या ट्रॅक्टरचा खरा खर्च असतो तो पट्ट्यांत, खालच्या रोलरांत आणि मागच्या दातेरी चाकात. दाते झिजून टोकदार झाले असतील, तर भाव तिथेच पाडायचा. पिन-बुश एका बाजूने खाल्ले गेले असतील, तर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवता येतात; पण त्याला जड हायड्रॉलिक प्रेस लागतो, घणाचे ते काम नव्हे.

पट्टा फार ताणू नये. नगरच्या काळ्या रानातला चिखल दात्यांत भरला की पट्टा आणखी ताणला जातो. चिखल ओला असतानाच खरवडावा. वाळला की दगड.

कॅटरपिलर डी-२ सारख्या (१९३८–५७) यंत्रात मोठे डिझेल इंजिन जागे करायला दोन सिलिंडरचे छोटे पेट्रोल इंजिन असते. त्याचा मॅग्नेटो आणि कार्ब्युरेटर आधी तपासा. वळायला स्टिअरिंगचे चाक नाही: ज्या बाजूला वळायचे त्या बाजूचा क्लच सोडायचा, गरज पडली तर ब्रेक. वर्षानुवर्षे उभ्या यंत्रात हे क्लच गंजून चिकटतात, आणि ते सोडवणे हा खरा डोकेदुखीचा भाग. डांबरी रस्त्यावर चालवायचा नाही. न्यायला लोबेड ट्रेलरच हवा.

पट्ट्यांची रचना जवळून पाहायची, तर अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय (१९९४) आहेच. रणगाडा या ट्रॅक्टरचा चुलतभाऊ: बेंजामिन होल्टने १९०४ मध्ये कॅलिफोर्नियात पट्ट्यांचे यंत्र चालवून पाहिले आणि पहिल्या महायुद्धात त्याचे ट्रॅक्टर तोफा ओढत होते.