विद्यापीठाचा उंबरठा

आमच्या तरुणपणीं खानदेशांतील विद्यार्थ्याला विद्यापीठाचें कांहीं काम निघालें कीं पुण्याची वाट धरावी लागे. १५ ऑगस्ट १९९० रोजीं जळगांव येथें उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालें आणि तो त्रास संपला. जळगांव, धुळें व नंदुरबार हे तीन जिल्हे आज त्याच्या कक्षेंत आहेत, आणि २०१८ पासून त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव आहे. तथापि सातपुड्यांतील धडगांवच्या किंवा अक्कलकुव्याच्या माणसास जळगांवही जवळ नाहीं. एवढीशी चौकशी करावयास जावें तर पुरा दिवस प्रवासांत जातो. अशा प्रदेशांत विद्यापीठाचें संकेतस्थळ ही शोभेची वस्तु नव्हे. तें विद्यापीठाचें दारच होय. ज्यांचें शिक्षण संसारामुळें वा नोकरीमुळें मध्येंच थांबलें, त्यांच्यासाठीं असलेल्या निरंतर शिक्षणाला तर दुसरें दार बहुधा नसतेंच.

या दाराशीं काय घडतें, हें गतवर्षीं आम्हीं आमच्या घरींच पाहिलें. आमची धाकटी सून पदवीधर आहे. लग्न होऊन धुळ्यास आल्यावर मुलांच्या संगोपनांत तिचीं दहा वर्षें गेलीं. आतां ग्रंथालयशास्त्राचा एखादा लहान अभ्यासक्रम पुरा करावा, अशी तिची इच्छा. खानदेशाबाहेरील एका विद्यापीठाचें संकेतस्थळ तिनें दुपारचीं जेवणें आटोपल्यावर मोबाईलवर उघडलें. प्रथम दर्शन झालें तें समारंभांच्या छायाचित्रांचें. ‘निरंतर शिक्षण’ हे शब्द सांपडले ते विभागांच्या लांबलचक यादीच्या तळाशीं. तेथें विभागाचा इतिहास होता, उद्दिष्टें होतीं. अभ्यासक्रम मात्र नव्हते. ते एका पीडीएफमध्यें, शुल्क दुसऱ्या पीडीएफमध्यें, अर्जाची मुदत तिसऱ्या. आणि तिन्ही म्हणजे कागदांचीं आडवीं काढलेलीं छायाचित्रें! अर्ज भरतां भरतां धाकटा रडूं लागला म्हणून ती उठली. परत येऊन पाहते तों वेळ संपल्याची सूचना, आणि लिहिलेलें सारें पुसलेलें. असें तीन दिवस चाललें. चौथ्या दिवशीं मोठ्या प्रयासानें दूरध्वनीवर कोणी भेटलें, तेव्हां कळलें कीं मुदत आदल्या सायंकाळींच संपली.

“मामंजी, माझेंच कांहीं चुकलें असेल. आतां कुठलें जमायला हें आम्हांला!” असें म्हणून ती स्वयंपाकघरांत गेली.

तें वाक्य आमच्या मनास फार लागलें. पस्तीस वर्षांच्या अध्यापनांत आम्हीं एक गोष्ट शिकलों आहों. वर्गांतील एका मुलास गणित कळलें नाहीं, तर त्या मुलाकडे पाहावें. निम्म्या वर्गास कळलें नाहीं, तर शिक्षकानें स्वतःकडे पाहावें. शिवाय बुद्धि निराळी आणि साधनाचा परिचय निराळा. १८८० मध्यें असोद्यास जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांचे चिरंजीव सोपानदेव व इतर आप्त यांनीं त्यांचीं गाणीं ऐकून टिपून घेतलीं, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्यें तीं पुस्तकरूपानें महाराष्ट्रास लाभलीं. संकेतस्थळावर वाट चुकणारी व्यक्ति मंदबुद्धि समजणें हें म्हणूनच केवळ असभ्यपणाचें नव्हे, तर असत्यहि आहे.

मग दोष कोठें आहे? तो मांडणींत आहे. संकेतस्थळ कार्यालयाच्या रचनेप्रमाणें आंखलेलें असतें: कुलगुरु, कुलसचिव, विभाग, उपविभाग. येणारा मनुष्य प्रश्न घेऊन येतो: मला काय शिकतां येईल? माझी पात्रता पुरेशी आहे काय? शुल्क किती? परीक्षा कोठें? शेवटची तारीख कोणती? अडल्यास विचारावें कोणास? एके ठिकाणीं ‘निरंतर शिक्षण’ म्हणतात, दुसरीकडे ‘आजीवन अध्ययन’, तिसरीकडे ‘बहिःशाल शिक्षण’. या भेदांशीं त्या बिचाऱ्यास काय कर्तव्य? येथें संस्कृत शास्त्रकारांचा स्थूलारुंधतीन्याय स्मरावा. अरुंधतीची अंधुक तारका दाखवावयाची तर आधीं तिच्याजवळचा ठळक तारा दाखवितात, मग नजर हळूहळू तिच्याकडे नेतात. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘शिकावयाचें आहे?’ एवढें असावें. त्यामागून विषयवार अभ्यासक्रम. आणि प्रत्येक अभ्यासक्रमाच्या एकाच पानावर वरील प्रश्नांचीं उत्तरें.

सारें एकदम होणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु सूचीकटाहन्यायहि आहेच: लोहारापुढें सुई व कढई अशीं दोन कामें आलीं, तर तो सुई आधीं करून देतो. शिळ्या सूचना काढणें, शेवटची तारीख वरच लिहिणें, दूरध्वनीचा क्रमांक व वेळ देणें, अर्धा भरलेला अर्ज जपून ठेवणें, हीं सुईचीं कामें. कागदाच्या छायाचित्राऐवजीं युनिकोडमध्यें मजकूर देणें हेंहि त्यांतलेंच. छायाचित्रांतील शब्द शोधयंत्रास सहसा सांपडत नाहींत. लहान पडद्यावर अक्षर मोठें केलें कीं ओळ बाहेर जाते. आणि अंध विद्यार्थ्याचें वाचनयंत्र तेथें बहुधा मुकें होतें. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्यें झाला. तेव्हां हा आतां केवळ सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाहीं.

कढईचें काम म्हणजे सबंध मांडणी बदलणें. त्यासाठीं मोठ्या समितीची गरज नाहीं. जेकब निल्सन या अभ्यासकानें २००० मध्यें दाखवून दिलें कीं पांच माणसें वापरतांना नुसतीं पाहिलीं, तरी बहुतेक अडचणी उघड होतात. धुळ्याची एक गृहिणी, अमळनेरच्या दुकानांतील नोकर, चोपड्याचा शेतकरी, शहाद्याची अंगणवाडी सेविका आणि जळगांवचे एक निवृत्त कारकून यांस बोलवावें. प्रत्येकास त्याच्याच मोबाईलवर एक अभ्यासक्रम व त्याचें शुल्क शोधावयास सांगावें. आणि संकेतस्थळ करणाऱ्यानें मागें हाताची घडी घालून गप्प बसावें. मदत करूं नये, खुलासा करूं नये. बोट कोठें थबकतें तेवढें टिपावें. दोष दुरुस्त करून पुन्हा नवीं पांच माणसें बसवावीं.

आमच्या वाचकांच्या घरांतून आज संगणकाचें काम करणारे मुलगे, मुली व सुना आहेत. त्यांनीं आपलें काम आधीं आपल्या आईच्या किंवा काकूच्या हातीं द्यावें आणि पाहावें, एवढेंच आमचें सांगणें.

आमच्या सुनेला त्या तीन दिवसांत कोठें कोठें अडलें, तें आम्हीं तिला कागदावर लिहावयास सांगितलें. तेरा ठिकाणें निघालीं. तो कागद आम्हीं त्या विद्यापीठाकडे पाठविला आहे. उत्तर अद्याप नाहीं. यंदा तिनें दिनदर्शिकेवर अर्जाच्या महिन्याचें पान आतांच दुमडून ठेवलें आहे. मात्र ‘माझेंच चुकलें’ असें ती आतां म्हणत नाहीं.