उन्हाचा हिशेब

सूनबाईला पाचवा महिना लागला तेव्हाची गोष्ट. रक्ततपासणीचा अहवाल आला, त्यात ड जीवनसत्त्वापुढे ११ हा आकडा होता. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली गेले की सर्वसाधारणपणे कमतरता समजतात. डॉक्टरांनी औषध लिहून दिले. चार-आठ दिवसांनी माझ्या लक्षात आले की, तिचा दम्याचा पंप नेहमीच्या जागी दिसत नाही. विचारले, तर म्हणाली, "आता कशाला, बाबा? ड जीवनसत्त्व भरून निघालं की ॲलर्जी मुळातूनच जाते म्हणे. बाळालाही दमा होत नाही. उगाच पोटातल्या जिवाला औषधांचा मारा नको."

मी काही डॉक्टर नाही. पण उमेदीची वर्षे बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. अर्जदाराची इच्छा आणि कागदावरचा पुरावा यांची गल्लत करायची नाही, एवढे अंगवळणी पडले आहे. म्हणून वाचायला बसलो.

तिने ऐकले ते अगदीच निराधार नव्हते. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतल्या पेशींवर ड जीवनसत्त्वाचा परिणाम होतो. २००७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधली एक पाहणी प्रसिद्ध झाली. गरोदरपणी ज्यांच्या आहारात हे जीवनसत्त्व अधिक होते, त्यांच्या मुलांच्या छातीत तीन वर्षांपर्यंत घरघर कमी आढळली. पण पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या पाहणीतून नेमके उलटे निघाले. आईच्या रक्तात ड जीवनसत्त्व भरपूर, त्या मुलांत इसब आणि दमा अधिक! दोन गोष्टी एका घरात सापडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असे होत नाही. उन्हात हिंडणाऱ्या, चांगलेचुंगले खाऊ शकणाऱ्या बाईचे इतरही बरेच काही वेगळे असते.

खरे-खोटे करायचे तर चिठ्ठ्या टाकून गर्भवतींचे दोन गट पाडावे लागतात. तशा दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या चाचणीत आईला किंवा वडिलांना दमा वा ॲलर्जी असलेली कुटुंबे घेतली होती, म्हणजे आमच्यासारखीच. एका गटाला रोज ४,४०० युनिट, दुसऱ्याला नेहमीचे ४००. तीन वर्षांपर्यंत दमा किंवा वारंवार घरघर पहिल्या गटातल्या २४.३ टक्के मुलांना झाली, दुसऱ्यातल्या ३०.४ टक्के मुलांना. फरक दिसतो खरा. पण तो योगायोग नाही असे छातीठोकपणे म्हणण्याइतका नव्हता. मुले सहा वर्षांची झाली, तेव्हा तोही उरला नाही. कोपनहेगनमध्ये हेच आकडे १६ आणि २० टक्के आले, तेही निर्णायक ठरले नाहीत. पुढे ब्रिटनमध्ये रोज १,००० युनिट घेतलेल्या आयांच्या मुलांत पहिल्या वर्षाअखेर इसब कमी दिसला. नंतर तो फरक टिकला नाही.

मग औषध घेऊ नये काय? जरूर घ्यावे, डॉक्टर सांगतील तेवढे. आईची हाडे आणि बाळाचे कॅल्शियम त्यावर अवलंबून असते. फार मोठी कमतरता असेल तर नवजात बाळाला झटकेही येऊ शकतात. लखनौच्या २००५ सालच्या अभ्यासात ८४ टक्के गर्भवतींत ही पातळी कमी आढळली होती, तीही आपल्या उन्हाच्या देशात! आपण बाळ-बाळंतिणीला कौतुकाने कोवळ्या उन्हात बसवतो; पण त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्या उन्हात फार थोडे असतात. खिडकीची काच तर त्यांना आत येऊच देत नाही.

हे सारे मी सूनबाईपुढे मांडले आणि दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे पाठवले. पंप परस्पर बंद केल्याबद्दल तिची चांगलीच खरडपट्टी निघाली. दमा आटोक्यात नसेल तर आईचा रक्तदाब वाढण्याची, बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याची भीती वाढते. त्यापुढे पंपातल्या औषधाची भीती किरकोळ. पंप पुन्हा टेबलावर आला.

नात आता आठ महिन्यांची आहे. मागच्या महिन्यात तिच्या गालांवर आणि कोपरांवर लालसर, कोरडे चट्टे उठले. इसब. रात्री तिला मांडीवर घेऊन सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, माझंच काही कमी पडलं का हो?"

मी जुनी वही काढली आणि २४.३ या आकड्यावर बोट ठेवले. "हे बघ. या बायकांनी अकरापट मात्रा घेतली होती. तरी त्यांच्या दर चार मुलांतल्या एकाच्या छातीत घरघर झालीच. त्यांचं काय कमी पडलं होतं?"

ती काही बोलली नाही. नातीच्या गालाला मलम लावत बसली. ॲलर्जी कोणाला का होते, याचा पुरता हिशेब अजून कोणालाच लागलेला नाही. तो लागेपर्यंत तूट आईच्या नावावर टाकायची, हे मात्र कोणत्याच खातेवहीत बसत नाही.